शेटलंडची बेटं, समुद्रातलं तेल आणि तिथल्या माणसांचं म्हणणं

उत्तरकिनारा:
शेटलंडजवळच्या समुद्रातल्या रोझबँक या नव्या तेलक्षेत्रावर इथे आधी बरीच चर्चा झाली. जवळजवळ प्रत्येक प्रतिसादात एका बाजूला तेल कंपन्या, दुसऱ्या बाजूला पर्यावरणवाले आणि मधल्यामध्ये भरडले जाणारे बेटवाले, असं चित्र होतं. मी बरीच वर्षं शेटलंडमध्ये, लर्विकला राहते. इथे रोज जे कानावर पडतं ते या चित्रात बसत नाही, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाच्याही वर ही शंभराहून अधिक बेटं. वस्ती जेमतेम सोळांवर, माणसं एकूण तेवीस हजार. ॲबर्डीनला संध्याकाळी बोटीत बसलं की सकाळी लर्विक येतं. एडिंबरापेक्षा नॉर्वेचं बर्गन आम्हाला जवळ. १९७१ साली या बेटांच्या ईशान्येला ब्रेंट हे तेलक्षेत्र सापडलं. पेपरात तेलाच्या भावाशेजारी आपण जे 'ब्रेंट क्रूड' वाचतो, ते नाव इथूनच आलं. तेव्हा इथे सतराएक हजार लोक होते आणि पोट मासळी, मेंढ्या आणि लोकरीच्या विणकामावर होतं. तरुण मुलं बेट सोडून जात होती.

तेल सापडल्याची बातमी आली आणि पाठोपाठ जमिनीचे दलाल आले. सलम व्हो नावाची एक खोल, वाऱ्यापासून सुरक्षित खाडी आहे, तिच्या काठच्या जमिनी धडाधड उचलायला सुरुवात झाली. इथल्या कौन्सिलने (म्हणजे आपल्याकडची जिल्हा परिषद समजा) तेव्हा एक गोष्ट बरोबर हेरली. समुद्राचा तळ सरकारचा, तेलही सरकारचं. पण ते तेल विकायला न्यायचं तर आधी कुठेतरी किनाऱ्याला लावावं लागणार, आणि किनारा बेटाचा आहे. या एका मुद्द्यावर कौन्सिल लंडनला गेलं आणि संसदेकडून स्वतःपुरता वेगळा कायदा करून घेऊन आलं, १९७४ चा झेटलंड काउंटी कौन्सिल ॲक्ट. इयन क्लार्क हे तेव्हाचे कौन्सिलचे मुख्य अधिकारी, त्यांचं नाव इथे आजही आदराने घेतात. या कायद्याने सलम व्होच्या बंदराचा ताबा कौन्सिलकडे आला. काठची जमीन सक्तीने विकत घेण्याचा अधिकार आला, म्हणजे दलालांचा विषय संपला. येणाऱ्या टँकरकडून शुल्क घ्यायचं, ते पैसे राखीव निधीत टाकायचे, हेही आलं. शिवाय तेल कंपन्यांशी करार झाला की बेटाच्या जगण्यात जी उलथापालथ होणार आहे तिच्यापोटी त्यांनी वर्षानुवर्षं रक्कम द्यायची. २००० सालापर्यंत ती येत राहिली, सगळी मिळून साधारण आठ कोटी पौंड. ती खर्चून न टाकता १९७६ साली ट्रस्ट काढला आणि पैसे त्यात गुंतवले.

त्याचं फळ रोज दिसतं. डिसेंबरात इथे दुपारी तीनला अंधार पडतो. अशा संध्याकाळी येल बेटावर पोहण्याच्या तलावात गेलात तर गरम पाण्याची वाफ काचांवर धरलेली असते, एका कोपऱ्यात शाळेतली पोरं धिंगाणा घालतात, दुसऱ्या कोपऱ्यात सत्तरीच्या आज्या मानेपर्यंत पाण्यात उभ्या राहून गप्पा मारतात. त्या बेटाची वस्ती हजाराच्या आसपास. असे तलाव आणि खेळाचे हॉल बेटांवर मिळून आठ आहेत. म्हाताऱ्या माणसांसाठीच्या सोयी पाहिल्या की वाटतं, हे आपल्या गावात का नाही झालं.

तर माझं म्हणणं असं की इथल्या माणसांना 'तुम्ही तेलाच्या बाजूचे की विरोधातले' असं विचारलं की ते गप्प बसतात, कारण त्यांच्या लेखी हा प्रश्नच अपुरा आहे. त्यांचा प्रश्न असतो: निर्णय घेताना आमचा हात कुठे असणार?

पुढचं प्रतिसादांत लिहिते. मुंबई हायचं तेल उरणला किनाऱ्याला लागतं. तिकडचं कुणी इथे असेल तर जरूर लिहा.

वाचनवेडा:
उत्तम धागा. त्या ट्रस्टबद्दल पहिल्यांदाच कळलं. येऊ द्या अजून.

निळीसावली:
ताई, लेख आवडला पण पटला नाही, स्पष्टच लिहिते.

तुम्ही जे सांगताय ते वाचून मला एवढंच दिसतं की कंपन्यांनी पैसे दिले आणि बेट राजी झालं. तलाव बांधून दिले म्हणून जमिनीखालचं तेल जाळायला हरकत नाही, असं कसं? रोझबँकमध्ये साधारण तीस कोटी बॅरल तेल काढायचं ठरतंय. ते जाळल्यावर निघणारा धूर फक्त शेटलंडवर थांबणार नाही. कोकणात जूनआधी येणारी वादळं, मराठवाड्यातली गारपीट भोगणाऱ्यांना कुणी विचारलं का? बेटावर राहणाऱ्यांचं मत मोलाचं आहे, पण तेच शेवटचं कसं मानायचं?

आणि हे काही फक्त आंदोलकांचं म्हणणं राहिलेलं नाही. जून २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सरे काउंटीतल्या एका तेलविहिरीच्या खटल्यात सांगितलं की परवानगी देताना, काढलेलं तेल पुढे जाळल्यावर होणारं प्रदूषणही मोजलं पाहिजे. त्याच आधारावर जानेवारी २०२५ मध्ये एडिंबराच्या न्यायालयात लॉर्ड एरिक्ट यांनी रोझबँकची परवानगी बेकायदा ठरवली. ग्रीनपीस आणि अपलिफ्ट या संस्था कोर्टात गेल्या म्हणून हे झालं. कौन्सिल गेलं नव्हतं.

रिगवरचामाणूस:
निळीसावली, तुम्ही पेट्रोल भरता ना गाडीत? रागावू नका, प्रामाणिकपणे विचारतो आहे.

माझी उमर समुद्रात गेली. चौदा दिवस वर, चौदा दिवस घरी. मुंबई हायचं तेल १९७४ साली 'सागर सम्राट'ने शोधलं आणि १९७६ पासून ते बाहेर येऊ लागलं. त्या एका शोधाने देशाचं किती परकीय चलन वाचलं याची आजच्या मुलांना कल्पना नाही. आजही आपण लागणाऱ्या कच्च्या तेलातलं पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर बाहेरून आणतो. आपल्या समुद्रातलं काढायचं नाही म्हटलं तर आखातातून आणायचं, इतकाच त्याचा अर्थ.

विरोध करणाऱ्यांच्या तोंडी मासे, पक्षी, देवमासे असतात. माणसं कमी असतात. २७ जुलै २००५, मुंबई पाण्यातून अजून वर यायची होती, आणि त्या दिवशी मुंबई हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मला जहाज धडकलं. तेल-वायू वर आणणारे नळ फुटले, आग लागली, बावीस माणसं गेली. तौक्ते वादळात मे २०२१ मध्ये पी-३०५ बार्ज बुडाला. त्यावर रंगारी होते, वेल्डर होते, जेवण करणारे होते. यांच्यासाठी कुठलं जहाज झेंडा लावून आलं?

आणि ताई, शेटलंडजवळचाच तो ब्रेंट स्पारचा प्रकार लिहा की. त्यात ग्रीनपीसचा आकडा चुकला होता.

उत्तरकिनारा:
दोघांच्याही मुद्द्यांना धरून लिहिते.

काका, तुमचं दुःख इथल्यांना लगेच समजेल. नोव्हेंबर १९८६ मध्ये ब्रेंटहून कामगारांना घेऊन येणारं चिनूक हेलिकॉप्टर इथल्या समबरा विमानतळाच्या तोंडाशी समुद्रात कोसळलं, ४५ जण गेले. दोन वर्षांनी पायपर आल्फा या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर १६७. समबराच्या रस्त्याने जाताना हेलिकॉप्टरचा आवाज आला की माझ्या बरोबरीच्या बायका अजूनही एक क्षण वर बघतात.

ब्रेंट स्पार ही तेल साठवण्याची अवाढव्य टाकी होती, समुद्रात उभी तरंगणारी. निकामी झाल्यावर ती अटलांटिकच्या तळाशी बुडवायचा बेत होता आणि ब्रिटिश सरकारने परवानगीही दिली होती. एप्रिल १९९५ मध्ये ग्रीनपीसचे लोक तिच्यावर चढून बसले. युरोपभर लोकांनी शेलच्या पंपांवर बहिष्कार टाकला आणि जूनमध्ये शेलने बेत सोडला. टाकीत साडेपाच हजार टन तेल उरलंय हा ग्रीनपीसचा अंदाज फार चुकला होता, त्यांनी सप्टेंबरात त्याबद्दल माफी मागितली. पण काका, गोष्ट तिथे थांबत नाही. १९९८ मध्ये ईशान्य अटलांटिकच्या देशांनी मिळून ठरवलं की निकामी सांगाडे समुद्रात बुडवायचे नाहीत. ब्रेंट स्पार कापून तिचे तुकडे नॉर्वेत धक्का बांधायला वापरले. आकडा चुकला, मागणी रास्त होती. आणि आज ते जुने प्लॅटफॉर्म मोडायचं काम लर्विकच्या धक्क्यावर येतं, त्यावर इथली घरं चालतात.

निळीसावली, 'पैसे घेऊन राजी झाले' हे मला मान्य नाही. नुसते पैसेच घेतले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. इथल्यांनी पैशाबरोबर देखरेख मागून घेतली. सलम व्होसाठी पर्यावरणाची एक स्वतंत्र सल्लागार मंडळी १९७० च्या दशकापासून काम करते आहे. खर्च तेल उद्योगाने करायचा, पण मोजणी शास्त्रज्ञांनी करायची: खडकावरचे शिंपले, तळाचा गाळ, समुद्रपक्ष्यांची घरटी. इतक्या वर्षांची सलग नोंद फार थोड्या तेलबंदरांकडे असेल.

तिची गरज पहिल्याच महिन्यांत कळली. सलम व्होचं तेल टर्मिनल नोव्हेंबर १९७८ मध्ये सुरू झालं आणि डिसेंबरच्या अखेरीस एसो बर्निशिया हा टँकर धक्क्याला लावताना आदळला. हजार टनांवर जड इंधन खाडीत सांडलं, साडेतीन हजारांहून जास्त पक्षी मेले. किनाऱ्यावर समुद्री शेवाळ खायला उतरणाऱ्या मेंढ्याही माखल्या. त्यानंतर कौन्सिलने नियम कडक केले, विमानातून टँकरांवर नजर ठेवायला सुरुवात केली. घाणेरडं पाणी सोडणाऱ्या जहाजाची खैर नव्हती. बंदर त्यांच्या ताब्यात होतं म्हणून त्यांना हे करता आलं.

निळीसावली:
ताई, हे माहीत नव्हतं. पण ब्रेअरचं काय? ते तर शेटलंडच्याच किनाऱ्यावर फुटलं ना?

उत्तरकिनारा:
हो, त्याबद्दल लिहायचंच होतं.

५ जानेवारी १९९३. ब्रेअर हा टँकर नॉर्वेतून कॅनडाला निघाला होता. शेटलंडला त्याचं काहीच काम नव्हतं, तो फक्त शेजारून चालला होता. इंधनात समुद्राचं पाणी शिरून इंजिन बंद पडलं आणि वादळाने त्याला आमच्या दक्षिण टोकाशी, गार्थ्स नेसच्या खडकांवर आणून आपटलं. पोटात ८४,७०० टन कच्चं तेल. अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझमधून सांडलं त्याच्या दुपटीहून जास्त. वादळ दिवसेंदिवस थांबलं नाही. तेल हलक्या जातीचं होतं, लाटांनी ते घुसळून पाण्यात विरघळवून टाकलं. त्यामुळे किनाऱ्यावर काळे थर बसले नाहीत आणि जगाला वाटलं, शेटलंड वाचलं.

माझ्या ओळखीचे एक शेतकरी त्या टोकाला राहतात. ते सांगतात, वारा समुद्रावरून तेलाचे तुषार उडवत जमिनीवर आणत होता. खिडकीच्या काचेवरून बोट फिरवलं की बोट तेलकट. गवतावर तेच, परसातल्या भाजीवर तेच. मेंढ्या दुसरीकडे हलवाव्या लागल्या, भाजी खाऊ नका म्हणून सांगितलं गेलं. सामन माशांच्या शेतीतली लाखमोलाची मासळी नष्ट करावी लागली, त्या पट्ट्यात मासेमारी बंद झाली आणि काही जातींवरची बंदी तर कित्येक वर्षं उठली नाही.

हेच शेतकरी रोझबँकच्या विरोधात नाहीत. मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "ब्रेअर इथे तेल काढायला आलं नव्हतं. आम्ही तेल नको म्हणालो असतो तरी ते त्याच रस्त्याने गेलं असतं." त्यांना हवी होती ती ओढून नेणारी टग बोट, कायम जवळ उभी असलेली. लॉर्ड डोनाल्डसन यांच्या चौकशीनंतर अशा बोटी ठेवायला सुरुवात झाली आणि पुढे खर्च कमी करायच्या नावाखाली त्यांची संख्या घटवली गेली तेव्हा इथले लोक खरे चिडले.

उलट, माझ्याबरोबर काम करणारी एक तरुण मुलगी रोझबँकच्या ठाम विरोधात आहे. तिचा भाऊ टर्मिनलवर आहे. एकाच टेबलावर जेवतात, वाद घालतात. मच्छीमारांचं तिसरंच. एका ट्रॉलरच्या मालकाचं म्हणणं असं की नळ, केबल, सोडून दिलेलं लोखंड आणि आता समुद्रातल्या पवनचक्क्या, प्रत्येकजण त्याच्या मासेमारीच्या जागेतला तुकडा मागतो आणि प्रत्येकजण म्हणतो, आमचा तुकडा लहानच आहे.

करंजाकर:
ताई, तुम्ही बोलावलंत म्हणून लिहितो. मी करंजाचा, घर मासेमारीचं.

मुंबई हायचे नळ आमच्या उरणात वर येतात. चिमणीची ज्वाळा आम्ही लहानपणापासून बघतो, रात्री पिरवाडीच्या किनाऱ्यावर गेलं तरी आकाश तांबडं. म्हणजे तुमच्या कौन्सिलकडे जो किनारा होता तसाच आमच्याकडेही होता. पण तो वापरायला कायदा कुणी दिला नाही, आणि मागायचा असतो हेही कुणाला माहीत नव्हतं. आमचे आजोबा एकच बोलायचे, "तेल दर्यान, पैका दिल्लीन, न आमचे घरान काय?"

सर्वेक्षणाचं सांगतो. समुद्राच्या तळाखाली तेल कुठे आहे बघायला जहाज येतं, मागे कित्येक किलोमीटर केबल ओढत. ते मासळीच्या ऐन हंगामात येतं, कारण पावसाळ्यात त्यांनाही काम होत नाही आणि जून-जुलै आम्हाला बंदी. बाजूच्या बोटी वॉकीटॉकीवर ओरडतात, जाळं उचला. जाळं उचलायला काय वेळ लागतो ते टाकणाऱ्याला विचारा. आमच्या काकांची जाळी अशाच एका जहाजाने तोडून नेली. भरपाईचा अर्ज केला तर पंचनामा मागितला. किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरवर तलाठी कुठून आणायचा? मग जाळ्याचं बिल मागितलं. दोर विकत घेतलेला, पण जाळं घरात विणलेलं, त्याला बिल कुठलं? फेऱ्या मारून मारून काकांनी नाद सोडला.

प्लॅटफॉर्मच्या भोवती पाचशे मीटर जायचं नाही. सुरक्षेसाठी ते बरोबर आहे, मी नाकारत नाही. पण लोखंडाच्या पायांना कालवं-शिंपले धरतात, रात्रभर उजेड असतो, त्यामुळे मासा तिथेच जमतो. आमच्या पोरांना तो मासा दिसतो आणि धरता येत नाही.

रिगवरचे काका म्हणतात तेल देशासाठी. आम्ही कधी नाही म्हणालो? जेएनपीटी आणि नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या तेव्हाही आमच्या बापजाद्यांचं म्हणणं प्रकल्प नको असं नव्हतं, योग्य मोबदला हवा असं होतं. त्यासाठी दि. बा. पाटील साहेबांच्या मागे सगळा तालुका उभा राहिला आणि जानेवारी १९८४ च्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची, हे तत्त्व त्या रक्तातून आलं. शेटलंडच्या लोकांना जे संसदेत एका कायद्याने मिळालं ते आम्हाला रस्त्यावर माणसं गमावून थोडंसं मिळालं. आणि तेही जमिनीचं. दर्याचा सातबारा नसतो, म्हणून कोळ्याला साडेबारा टक्के कशाचे देणार? शेवा कोळीवाडा बंदरासाठी उठवला, ज्या जागेत पुनर्वसन केलं तिथे वाळवीने घरं खाल्ली. ते लोक अजून नव्या जागेसाठी भांडतात.

एकदाच काहीतरी मिळाल्यासारखं वाटलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये हरित लवादाच्या पुण्याच्या खंडपीठाने निकाल दिला, भराव आणि खारफुटीच्या नाशामुळे बुडालेल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख भरपाई द्या. त्यात जेएनपीटीबरोबर सिडको आणि ओएनजीसीचाही वाटा ठरवला होता. निकाल वाचताना आमच्यातले जाणते रडले. पैशासाठी नाही हो. पारंपरिक मच्छीमाराचा खाडीवर हक्क आहे, असं कुणीतरी पहिल्यांदा कागदावर लिहून दिलं होतं.

रिगवरचामाणूस:
करंजाकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. प्लॅटफॉर्मवरून आम्ही तुमच्या होड्यांचे दिवे बघायचो. जवळ आल्या की सायरन वाजवायचा, एवढंच आमचं नातं. पाचशे मीटरच्या पलीकडे त्या होडीत काय चाललंय याचा विचार कुणी आम्हाला करायला सांगितला नाही. भरपाईसाठी पंचनामा मागणं हे चुकीचंच आहे. सर्वेक्षणाच्या जहाजावर मच्छीमारांचा एक प्रतिनिधी बसवला तर तिथल्या तिथे नोंद होईल, तांत्रिक अडचण काहीही नाही.

दर्यावर्दी७:
मी मर्चंट नेव्हीत आहे, लास पाल्मासला बऱ्याचदा जाणं होतं म्हणून कॅनरी बेटांचं लिहितो. विषयाला धरून आहे.

स्पेन सरकारने मार्च २०१२ मध्ये रेप्सॉल कंपनीला लान्सारोते आणि फुएर्तेवेन्तुरा या बेटांसमोर तेल शोधायची परवानगी पुन्हा दिली. किनाऱ्यापासून पन्नास-साठ किलोमीटर. ती देणारे उद्योगमंत्री सोरिया स्वतः कॅनरीचेच. या दोन बेटांवर नदी नाही, पाऊस नाममात्र. प्यायचं पाणी जवळजवळ सगळं समुद्राचं गोडं केलेलं. लान्सारोतेत तर हे तंत्र १९६० च्या दशकापासून चालू आहे. तेल सांडून त्या प्लांटची तोंडं बंद पडली तर नळाला पाणी नाही, आणि बाकी सगळा धंदा पर्यटकांवर. त्यामुळे तिथे फक्त पर्यावरणवाले नव्हते, बेटांची सरकारं, हॉटेलवाले, मच्छीमार सगळे एका बाजूला होते. जून २०१४ मध्ये बेटाबेटांवर प्रचंड मोर्चे निघाले. प्रादेशिक सरकारने लोकांचं मत घ्यायचं ठरवलं, ते स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने थांबवलं. नोव्हेंबरात ग्रीनपीसचं आर्क्टिक सनराइज जहाज आलं, स्पेनच्या नौदलाच्या बोटींनी त्यांच्या रबरी होड्यांना धडका दिल्या, एका इटालियन मुलीचा पाय मोडला. काही दिवसांतच ड्रिलिंग सुरू झालं.

आणि जानेवारी २०१५ मध्ये रेप्सॉलने जाहीर केलं, गॅस आहे पण परवडेल इतका नाही, आम्ही चाललो. लोकांनी जल्लोष केला. पण तिथला एक जुना माणूस मला बंदरावर म्हणाला ते विसरलो नाही. "आम्ही नाही म्हणालो म्हणून ते गेले नाहीत. तेल निघालं असतं तर?" बेरोजगारी तीस टक्क्यांच्या वर होती, त्यामुळे तेल हवं म्हणणारेही होते, त्यांचा आवाज बातम्यांत कमी आला. पुढे एप्रिल २०२४ मध्ये त्याच बेटांवर हजारो लोक अतिपर्यटनाच्या विरोधात रस्त्यावर उतरले. ज्या पर्यटनासाठी तेल नाकारलं त्याने घरभाडी अशी वाढवली की स्थानिकांना राहायला जागा नाही.

निळीसावली:
म्हणजे विरोध करून उपयोग नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?

दर्यावर्दी७:
नाही. उपयोग आहे. मतदान होऊ दिलं असतं तर निर्णय बेटांचा झाला असता, तेल निघो न निघो. ते रोखलं गेलं, याचं मला वाईट वाटतं.

उत्तरकिनारा:
दर्यावर्दी, हा मुद्दा मला इतका जवळचा आहे की मूळ लेखात राहिलेली गोष्ट आता लिहिते.

शेटलंडची ताकद होती कारण तेल किनाऱ्याला लावावं लागत होतं. रोझबँक आमच्यापासून १३० किलोमीटर वायव्येला, हजार मीटरहून खोल पाण्यात आहे. तिथे तेल नळाने सलम व्होला येणारच नाही. समुद्रातच एक मोठं जहाज उभं करायचं, त्यात तेल भरायचं आणि टँकरने तिथूनच न्यायचं, अशी योजना आहे. कॅम्बो या इथल्याच दुसऱ्या तेलक्षेत्राचं तेलही असंच थेट समुद्रातून जाणार होतं, त्यातून शेलने डिसेंबर २०२१ मध्ये अंग काढून घेतलं. म्हणजे बंदराचं शुल्क नाही, धक्का नाही आणि कौन्सिलच्या हातात काही नाही. सांडलं तर मात्र किनारा आमचाच. परवानगी मिळाली तेव्हा रोझबँकमधला मोठा वाटा इक्विनॉरचा होता, ती बहुतांशी नॉर्वे सरकारच्या मालकीची कंपनी, त्यामुळे नफ्याचा मोठा भाग नॉर्वेला जाणार होता. निळीसावली, १९७४ ला पाठिंबा देणारी कित्येक म्हातारी माणसं आज रोझबँकबद्दल गप्प आहेत ती यामुळे. त्यांना कुणी टेबलापाशी बोलावलेलंच नाही.

दुसरीकडे ज्या शेटलंडच्या पोटातून इतका गॅस वाहतो तिथल्या घरांना गॅसची लाइन नाही. कुणी तेलावर घर गरम करतं, कुणी विजेवर, लर्विकमध्ये काही भागात कचरा जाळून तापवलेलं पाणी नळाने येतं. वाऱ्यापावसाच्या या जागी घर उबदार ठेवायचं बिल भरताना लोकांची दमछाक होते.

आणि पवनचक्क्या. ऑगस्ट २०२४ मध्ये मुख्य बेटावरचं व्हायकिंग विंड फार्म सुरू झालं, १०३ पवनचक्क्या, ४४३ मेगावॅट. समुद्राखालच्या केबलने वीज स्कॉटलंडला जाते. त्याला इथल्या खूप लोकांनी विरोध केला, कोर्टात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, हरले. टेकड्यांवरचा हजारो वर्षांत साचलेला दलदलीचा थर खणला गेला. मी स्वतः पवनऊर्जेच्या बाजूची आहे, तेल थांबलं पाहिजे असंही मला वाटतं. पण शेजारच्या बाईने विचारलं, "हा वारा आमच्या छतावरून जातो, मग वीज आम्हाला स्वस्त का नाही?" तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. करंजाकरांच्या आजोबांचा प्रश्न हाच ना?

निळीसावली:
मी माझं मत बदललेलं नाही, नवीन तेलविहिरी नकोतच. पण मागणी कशी करायची याबद्दल विचार करावा लागेल. वाढवण बंदराच्या विरोधात आमच्या कॉलेजातून आम्ही निवेदन दिलं होतं. डहाणूच्या मच्छीमारांशी आम्ही त्याआधी बोललो नव्हतो. पुढच्या वेळी आधी तिकडे जाऊ.

करंजाकर:
ताई, एक काम आहे. १९७४ च्या त्या कायद्यातलं मुख्य मुख्य, म्हणजे बंदराचा ताबा, निधी आणि ती देखरेख करणारी मंडळी कुणाच्या पैशावर चालतात, एवढं साध्या मराठीत दोन पानांत करून द्याल का? आमच्या मच्छीमार सोसायटीच्या सभेत वाचायचं आहे. सगळं आपल्याकडे लागू होणार नाही हे कळतं. पण सर्वेक्षणाच्या जहाजावर आपला माणूस आणि नुकसानीची मोजणी तिऱ्हाइताकडून, या दोन मागण्या नव्या ठरावात घालता येतील.

उत्तरकिनारा:
नक्की करते. कायदा संसदेचा आहे, मूळ मजकूर मिळतो. मला एक आठवडा द्या, कारण त्यातली भाषा फार जड आहे. कौन्सिलने कंपन्यांशी केलेला करार वेगळा, तो कायद्याचा भाग नाही, त्यावर स्वतंत्र लिहीन. रिगवरचे काका, प्रतिनिधी बसवण्याबद्दल तुम्ही म्हणालात ते जहाजावरच्या कामाच्या दृष्टीने नीट मांडून द्याल का? कुठे बसायचं, कुठली नोंदवही, कुणाची सही.

रिगवरचामाणूस:
देतो. सर्वेक्षण जहाजावर रोजचा अहवाल बनतोच, वेळ आणि जागेच्या अक्षांश-रेखांशासकट. त्यात 'जाळी आढळली' असा एक रकाना आणि खाली मच्छीमार प्रतिनिधीची सही, एवढं घातलं तर पंचनाम्याची गरज उरत नाही. करंजाकर, तुमचा नंबर इथे उघड टाकू नका, मला व्यक्तिगत निरोप पाठवा. मी पनवेलला असतो, सभेलाही येईन.